उभा, बसका आणि वखारीचा काटा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, असं मापसाहेब स्वतःच आधी सांगून टाकतात. आणि तेही अशा थाटात, की खरी न वाटणं हा जणू त्या गोष्टीचा खास गुणच आहे. "लिहून देतो," ते म्हणतात, "तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता. पण मी स्वतः तिथं हजर होतो, त्यामुळे माझा नाइलाज झाला."

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी बाजारोबाजार फिरून तराजू तपासले, वजनांवर शिक्के मारले आणि ज्यांच्या वजनांवर शिक्के नव्हते त्यांच्यावर खटले भरले. नोकरी संपली, सवय संपली नाही. हातात पुस्तक घेतलं तर आधी ते तोलतात, मग उघडतात. कुणी "जरा थांबा हं" म्हणालं, तर "जरा म्हणजे किती?" असं विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे बघत उभे राहतात. त्यांचं खरं नाव इमारतीतल्या कुणालाच आठवत नाही. दारावरच्या पाटीवर आहे म्हणतात, पण पाटी वाचायला कोण थांबतंय?

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत वहिनी म्हणते. वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, अठ्ठावीस वर्षं. "हॅलो"मधल्या नुसत्या "हॅ"वरून समोरच्याला सर्दी झाली आहे की घरात भांडण झालं आहे, हे त्या सांगायच्या. मापसाहेब त्यांना पहिल्यांदा भेटले तेही त्याच कचेरीत. शेजारच्या टपाल खिडकीतला पार्सलचा काटा तपासायला ते गेले होते. काट्यावर वाकून ते स्वतःशीच पुटपुटले, "खोटा आहेस, पण सगळ्यांशी सारखाच खोटा आहेस. तुला बढती द्यायला हवी." काचेपलीकडे, दोन्ही कानांवर यंत्र चढवून बसलेल्या एका मुलीला ते ऐकू गेलं आणि ती इतक्या जोरात हसली, की तिनं त्या भरात एका बड्या अधिकाऱ्याचा फोन चुकून मटणाच्या दुकानाला जोडून दिला. लग्न ठरायला मापसाहेबांच्या मते एवढं पुरेसं होतं.

तेव्हापासून मापसाहेब पुटपुटत आले आणि वहिनी हसत आल्या. सांगण्यासारखं एवढंच, आणि एवढ्यावर छत्तीस वर्षं निघाली.

आता त्या दोन कार्यक्रमांविषयी सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं.

टीव्हीवर आठवड्यातून एकदा पुढाऱ्यांची टर उडवणारे दोन कार्यक्रम लागत. एक गुरुवारी, एक शनिवारी, दोन्ही संध्याकाळी सात वाजता. गुरुवारचा सूत्रधार कधी बसायचाच नाही. येरझारा घालायचा, खुर्चीवर चढायचा, मंत्र्यांच्या चालीनं चालायचा, विरोधी पक्षनेत्यांच्या भुवया उडवायचा, आणि विनोद झाला की प्रेक्षकांकडे हात पसरून असा बघायचा, की न हसणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवण्यासारखं वाटावं. त्याचं घरातलं नाव 'उभा'. शनिवारचा टेबलामागे बसायचा. चेहरा असा, की आत्ताच कुणाचं तरी मृत्युपत्र वाचून दाखवणार आहे. तो हळू बोलायचा, मधेच थांबायचा, पाण्याचा घोट घ्यायचा आणि घोट गिळून झाल्यावर एक वाक्य अलगद टेबलावर ठेवून द्यायचा. त्याचं नाव 'बसका'. दोघं मिळून सरकारचा समाचार घेत, आणि मापसाहेब-वहिनी मिळून दोघांचा आस्वाद घेत. सगळं सुरळीत होतं.

मग कुठल्या तरी वाहिनीतल्या कुठल्या तरी शहाण्यानं ठरवलं, की उभ्याला शनिवारी सातला हलवायचं. म्हणजे बसक्याच्या छातीवर.

"आता काय करायचं?" मापसाहेबांनी विचारलं.

"करायचं काय त्यात? उभा बघायचा," वहिनी म्हणाल्या.

"आणि बसका?"

"त्याला राहू दे. नुसता पुटपुटतो."

बोलून त्या मोकळ्या झाल्या. पण मापसाहेबांच्या छातीत काहीतरी खटकन खाली बसलं, जड पारडं बसतं तसं. कारण पुटपुटणं म्हणजे काय, आणि पुटपुटणारा म्हणजे कोण, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि खरं सांगायचं, तर संशय त्यांना बरेच दिवस होता. गेले अकरा महिने त्यांचे विनोद पडत होते. पूर्वी वर्तमानपत्रामागून ते काही म्हणाले, की स्वयंपाकघरातून हसू यायचं. आता नळाचा आवाज यायचा. त्यांनी एका वहीत नोंदच ठेवली होती: तारीख, विनोद, परिणाम. परिणामाच्या रकान्यात शून्यांची अशी रांग लागली होती, की खात्यात असते तर त्यांनी तो माल जप्त केला असता. माणूस म्हातारा होतो, गुडघे दुखतात, केस जातात, त्याचं काही नाही. पण छत्तीस वर्षं जिला हसवलं तिला आपण बेचव लागायला लागलो, हे कुठल्या डॉक्टरला दाखवायचं?

तोंडानं मात्र ते एवढंच म्हणाले, "असं मोघम चालणार नाही. दोघांची रीतसर पडताळणी झाली पाहिजे. एकच माल, दोन काटे."

"करा," वहिनी म्हणाल्या. "घरात नुसते बसून तरी काय करता?"

पहिला तक्ता त्यांनी घरच्या घरी केला. एका बाजूला उभा, दुसऱ्या बाजूला बसका. मिनिटाला विनोद किती, विनोदाआधीची शांतता किती सेकंदांची, स्वतःच्या विनोदाला स्वतः हसण्याचं प्रमाण किती. उभ्याची शांतता निघाली अर्धा सेकंद. बसक्याची साडेतीन. एकदा तर अकरा सेकंद निघाली, पण त्या वेळी टीव्ही बंद पडला होता.

तक्ता घेऊन ते खालच्या शिंप्याकडे गेले. शिंप्यानं तो हातात धरला आणि पट्टी गळ्यात टाकली. "मापसाहेब, हे एवढं लिहायला कशाला हवं? उभ्याचा विनोद तयार कपड्यांसारखा आहे. कुणालाही होतो, कुणालाच नीट बसत नाही. बसका मापाचं शिवतो. पण गिऱ्हाइकानं उभं राहून माप दिलं पाहिजे ना!"

दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं मत वेगळं पडलं. "माझ्या दृष्टीनं उभाच बरा. लोक तोंड उघडून हसतात. बसक्याला सगळे ओठ मिटून हसतात, काही दिसतच नाही. पण तुम्ही तो विनोद मोजताय, ते चुकतंय. हसू मोजा."

"हसू कसं मोजणार?"

"ते तुमचं खातं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आ करायला सांगितलं.

इथून पुढचं खरं वाटणार नाही. मापसाहेबांनी विचार केला, की खरं हसू पोटातून येतं. पोट हललं की माणूस हलतो. माणूस हलला की, समजा तो काट्यावर बसलेला असेल, तर काट्याची सुई हलणार. खोटं हसू गळ्यातून येतं. त्यानं सुई हलायची नाही. त्यांच्या ओळखीच्या एका वखारीत पोती तोलायचा जुना काटा पडून होता. लोखंडी पाट, कमरेएवढा खांब, वर ताटाएवढी तबकडी आणि तिच्यावर एक लांब, हळवी सुई. पाटावर माशी बसली तर सुई दखल घ्यायची, असं मापसाहेब सांगतात. माशी कुठल्या जातीची होती, एवढं मात्र ते दर खेपेला वेगळं सांगतात.

काटा चार हमालांनी आणला. लिफ्टवाल्यानं विचारलं, "याचं वजन किती?" आणि तिथं सगळं अडलं. कारण जगातल्या कुठल्याही वस्तूचं वजन सांगणारा तो काटा स्वतःचं वजन सांगू शकत नव्हता, आणि त्याचं वजन करायला त्याच्यापेक्षा मोठा काटा आणावा लागला असता, तोही लिफ्टनंच. शेवटी जिन्यानं न्यायचं ठरलं. पहिल्या वळणावर काटा असा अडकला, की वरही जाईना, खालीही येईना. हमाल म्हणाले, जेवून येतो. ते तिसऱ्या दिवशी जेवून आले.

मधले दोन दिवस इमारतीतल्या प्रत्येकाला जाता-येता त्या पाटावर पाय देऊनच जावं लागे, आणि प्रत्येकाचं वजन सगळ्या जिन्याला दिसे. घराघरांत बोलणी बंद झाली. एका सुनेनं सासूचा आकडा मोठ्यानं वाचला. इमारतीचे सेक्रेटरी दिवसातून सात वेळा वरखाली करायचे, ते पहिल्या फेरीनंतर घरीच बसले आणि त्यांनी फळ्यावर सूचना लावली: 'जिन्यात वजन असण्यास सक्त मनाई आहे.' असण्यास की करण्यास, असं मापसाहेबांनी खडूनं खाली विचारलं. त्यावरून सेक्रेटरींचा आणि त्यांचा जो बेबनाव झाला, तो नेमका नको त्या वेळी झाला.

कारण हमालांनी शेवटी काटा कसाबसा खाली उतरवला होता. तो वर जाणार नव्हता, म्हणजे आता प्रयोग तळमजल्यावरच्या सभागृहातच करायला हवा होता. आणि सभागृहाची किल्ली होती सेक्रेटरींकडे.

"कार्यक्रम कसला?" सेक्रेटरींनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून विचारलं.

"विनोदी."

"कुणावर विनोद?"

"पुढाऱ्यांवर."

"म्हणजे राजकीय. राजकीय कार्यक्रमाला सभागृह मिळत नाही. नियम चौदा."

"अहो, पण लोक हसतात."

"हसतात? मग करमणूक. करमणुकीला मिळतं, पण त्याला करमणूक उपसमितीची शिफारस लागते."

"उपसमिती कोण?"

"मी." सेक्रेटरींनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "पण त्या नात्यानं मी मंगळवारी भेटतो."

मंगळवारी उपसमिती भेटली. उपसमितीनं लेखी हमी मागितली, की कार्यक्रमात राजकारण येणार नाही. मापसाहेबांनी लिहून दिलं: 'राजकारण हसण्यापुरतेच येईल, व हसून झाल्यावर परत पाठवले जाईल.' उपसमितीला ते पसंत पडलं. सेक्रेटरी या नात्यानं मात्र त्यांनी एक अट घातली: "मला काट्यावर बसवायचं नाही."

शनिवारी संध्याकाळी सभागृह भरलं. सगळ्यांच्या घरी उभा-बसक्यावरून एव्हाना दोन तट पडले होते. काटा मधोमध ठेवला होता, पाटावर खुर्ची, समोर मोठा पडदा. मापसाहेबांनी आधीच्या आठवड्याचे दोन्ही भाग मिळवून ठेवले होते, कारण योगायोगानं दोघंही एकाच प्रकरणावर बोलले होते. एका मंत्र्यानं चौकातल्या मनोऱ्यावरच्या सार्वजनिक घड्याळाचं उद्घाटन केलं होतं, आणि ते घड्याळ बंद होतं. मंत्र्याचं म्हणणं, ते मागच्या सरकारच्या काळात बंद पडलं. घड्याळ बसवून चारच दिवस झाले होते.

आधी शिंपी बसला. मग डॉक्टरीणबाई. सुई ठीक चालत होती. मग मापसाहेब म्हणाले, "आता आमचं माणूस," आणि वहिनी उठल्या.

"मला कशाला हो मधे?"

"मुख्य नमुना तूच आहेस," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जरा हळवं निघालं.

बसका सुरू झाला. त्यानं मंत्र्याच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका शांतपणे वाचली. पाणी प्यायला. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "मंत्रीमहोदय दोन तास उशिरा आले," तो म्हणाला. साडेतीन सेकंद गेले. "पण घड्याळाप्रमाणे ते अगदी वेळेवर होते."

सभागृहात हसू पसरलं. मापसाहेब सुईच्या बाजूला, वहिनींच्या समोर उभे होते. त्यांनाही हसू आवरलं नाही. वहिनीही हसल्या. पण दीड सेकंदानं. आणि सुई हलली नाही.

पुढच्या विनोदालाही तेच. मापसाहेब हसले, दीड सेकंद गेला, वहिनी हसल्या, सुई ठार. सहा विनोद, सहा वेळा. मापसाहेबांनी पेन्सिल उचलली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: तोंडदेखलं. लिहिताना टोक मोडलं.

मग उभा लागला. उभ्यानं स्वतःच्याच हातांचे काटे केले, बाराच्या ठोक्याला अडकला, सुटण्यासाठी धडपडला, मंत्री होऊन स्वतःच्याच तोंडाला फीत बांधली. वहिनी खुर्चीत आडव्या झाल्या. सुई तीन किलो वर, चार किलो खाली, तबकडीला धडका मारत नाचायला लागली. उभ्याच्या तटानं टाळ्या पिटल्या. मापसाहेब स्थिर उभे राहिले. हरलेल्या माणसानं कसं उभं राहावं, हे त्यांनी बाजारात पुष्कळ पाहिलं होतं.

तेवढ्यात शिंप्याचा पाय वायरीत अडकला आणि पडदा काळा झाला. चित्र गेलं, आवाज मात्र राहिला. अंधाऱ्या पडद्यामागून उभा आता मंत्र्याच्या आवाजात घड्याळाची समजूत घालत होता: "हे बघ, तू नुसता टोला दे, वेळेचं आम्ही बघून घेऊ!" तो आवाज इतका हुबेहूब होता, की सेक्रेटरींनी दचकून कोटाची बटणं लावली. सभागृह कोसळलं. डॉक्टरीणबाईंचे सगळे दात दिसले. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते.

सुई हलत नव्हती.

वहिनी काळ्या पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, हसणाऱ्या तोंडांकडे. आणि मग मान वळवून त्यांनी मापसाहेबांचं तोंड शोधलं. ते हसत आहेत का, हे बघायला. मापसाहेब हसत नव्हते. म्हणून त्याही हसल्या नाहीत. कुठं चुकलं, अशा नजरेनं नुसत्या बघत राहिल्या.

मापसाहेबांनी हातातल्या कागदाकडे बघितलं. तोंडदेखलं. त्यांनीच लिहिलेला शब्द, पण त्याचा अर्थ त्यांना आत्ता कळला. ती त्यांचं तोंड देखून हसत होती.

"प्रयोग संपला," ते म्हणाले. "निकाल राखून ठेवलाय." दोन्ही तट त्यांच्यावर ओरडले. सेक्रेटरींनी किल्ली मागितली. मापसाहेबांना काही ऐकू आलं नाही, आणि पुढच्या कामाची ती चांगली तालीम झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि पुटपुटले, "मंत्र्यांनी आता बंद पडलेल्या पंख्याचं उद्घाटन करायचं ठरवलंय. वारा मागच्या सरकारनं नेला म्हणतात." नळ चालू राहिला. त्यांनी पेपर खाली ठेवला, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन वहिनींच्या समोर उभे राहिले आणि तेच वाक्य परत म्हणाले. वहिनींनी त्यांच्या ओठांकडे बघितलं आणि हसल्या. पोटातून. हातातलं भांडंसुद्धा हललं.

अकरा महिन्यांची वही मापसाहेबांनी कपाटातून काढली आणि सगळी शून्यं एकेक करून खोडली. विनोद पडलेच नव्हते. पोचले नव्हते.

पण आता हे सांगायचं कसं? जिनं अठ्ठावीस वर्षं कानावर नोकरी केली, जी "हॅ"वरून सर्दी ओळखायची, तिला "तुला ऐकू येत नाही" हे कुठल्या तोंडानं सांगणार? आणि तोंड तर ती बघणारच. त्यांना आता सगळं उलगडत गेलं. मुलीचा फोन आला की "तुमच्याशीच बोलायचंय तिला" म्हणून फोन पुढे करणं. दारावरची घंटा वाजली की "बघा ना, माझे हात ओले आहेत." वर्षभर या बाईचे हात ओले होते, आणि वजनमापे खात्याच्या निरीक्षकाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दोन दिवसांनी मापसाहेबांनी जाहीर केलं, "अगं, मला हल्ली कमी ऐकू येतं."

"तुम्हाला?" वहिनी एकदम म्हणाल्या. त्यात काळजी होती, पण थोडा आनंदही होता. आपण एकटे नाही असं कळल्यावर होतो तसा. "चला, आजच दाखवून येऊ."

कानाच्या दवाखान्यात तपासणारी बाई तरुण आणि करारी होती. तिनं मापसाहेबांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं." मापसाहेबांनी ठरवल्याप्रमाणे तीनांतले दोन आवाज सोडून दिले. अधूनमधून, संशय नको म्हणून, काही नसताना दाबलं.

बाईंनी यंत्र बंद केलं. "आजोबा, मी आवाज बंद केल्यावर तुम्ही चार वेळा बटण दाबलंत. आणि जे आवाज सोडलेत, त्या प्रत्येक वेळी तुमची भुवई हलली. तुमचे कान उत्तम आहेत. नोंदीत फेरफार झाला तर मी सही करत नाही."

हे वाक्य मापसाहेबांनी एकतीस वर्षांत किमान हजार जणांना ऐकवलं होतं. त्यांना कुणी ते पहिल्यांदाच ऐकवत होतं. त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली: निरीक्षकापुढे हात जोडले. आणि बाहेर बाकावर बसलेल्या वहिनींकडे नुसतं बोट दाखवलं.

बाईंनी काचेतून बाहेर बघितलं. थोडा वेळ गेला. किती, ते मापसाहेबांनी मोजलं नाही.

"मी खोटं लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "पण तुलनेसाठी घरातल्या आणखी एका माणसाचे कान तपासायला माझी हरकत नसते."

मापसाहेब बाहेर आले आणि वहिनींच्या समोर, नीट तोंड दिसेल असे उभे राहिले. "तुला आत बोलावलंय. माझी तूट काढायला प्रमाण वजन लागतं म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे आहे. अठ्ठावीस वर्षं सरकारी शिक्क्यानं चाललेला कान आहे."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग पर्स त्यांच्या हातात दिली आणि आत गेल्या.

बाईंनी यंत्र पुढे केलं, तसं वहिनींनी ते सराईतपणे घेतलं, एका हातानं केस मागे सारले आणि कानांवर चढवलं. पाठ ताठ झाली. आणि सवयीनं, कुणी काही म्हणायच्या आत, त्या म्हणाल्या, "बोला."

कुणी बोललं नाही. म्हणजे यंत्र बोलत होतं. बाई एकेक कळ फिरवत होत्या, बाजूचा दिवा लागत होता, विझत होता. वहिनींचं बोट बटणावर तयार होतं. ते बोट बराच वेळ तसंच राहिलं. काचेबाहेर मापसाहेब दोन्ही हातांत पर्स धरून स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर जिना उतरताना वहिनी कठड्याला धरून थांबल्या.

"डाव्यात थोडं उरलंय," त्या म्हणाल्या. "उजवा गेलाय."

"कुणाचा?" मापसाहेबांनी विचारलं.

"प्रमाण वजनाचा."

दोघं दोन पायऱ्या उतरली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"शनिवारी."

"मला वर्ष झालं."

"मग बोलली का नाहीस?"

"ऑपरेटर होते हो मी," वहिनी म्हणाल्या. "लोकांना काय सांगू, लाइन बंद आहे म्हणून?"

कानातलं यंत्र आलं ते वाटाण्याएवढं. मापसाहेबांनी ते आधी तळहातावर तोललं. वहिनींनी दोन दिवस ते डबीतच ठेवलं, तिसऱ्या दिवशी घातलं आणि पहिला हुकूम काढला, "तो पंखा बंद करा, किती किरकिरतो!" मग घड्याळ, मग दाराची कडी, मग मापसाहेबांचा गुडघा. घरात इतके आवाज आहेत, हे मापसाहेबांनाही नवीन होतं.

त्या शनिवारी सात वाजता त्यांनी न बोलता बसका लावला. वहिनींनी पूर्ण कार्यक्रम बघितला. एकदाही त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. चार वेळा तर त्या मापसाहेबांच्या आधी हसल्या. शेवटी त्यांनी हात झटकले.

"आता नीट ऐकला," त्या म्हणाल्या. "हुशार आहे. वाक्य कसं हळूच सरकवतो, त्या थांबण्यात सगळी मजा आहे. उभा आधीच सांगून टाकतो, बघा हं, आता विनोद येतोय. हा सांगत नाही, आपल्याला गाठू देतो."

मापसाहेबांची छाती फुगली. "म्हणजे बसका."

"छे! पुढच्या वेळी उभाच लावा."

"अगं, पण आत्ताच तर—"

"पुटपुटणारा घरात एक आहे ना," वहिनी म्हणाल्या. "टीव्हीवर आणखी कशाला?"

दोन्ही तटांना हा निकाल कळवण्यात आला. कुणालाच पटला नाही. काटा मात्र अजून सभागृहातच आहे, कारण तो बाहेर काढायला उपसमितीची शिफारस लागते आणि उपसमितीला तो दिसलेलाही सोसत नाही.

तर अशी ही गोष्ट. परवा दुपारी मापसाहेब ती चौथ्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या जोडप्याला सांगत होते. शिंपीही होता, हे सगळं त्याला पाठ असूनही. वहिनी स्वयंपाकघरात चहा करत होत्या. दार लोटलेलं, नळ सोडलेला, आधणाचा आवाज. मापसाहेबांनी दाराकडे एक नजर टाकली, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. इतका, की नव्या जोडप्याला पुढे वाकावं लागलं.

"आता शेवटचं सांगतो, आणि हे कुणाला सांगायचं नाही. त्यानंतरच्या सकाळी मी पेपर असा समोर धरला. मुद्दाम. आणि अगदी हळू, माझं मलाही ऐकू येणार नाही असं, एक वाक्य पुटपुटलो. आणि काय सांगू! आतून आवाज. मी उठून जाऊन बघतो तर आमची ही ओट्याला टेकून उभी, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! हमसून हमसून रडत होती हो. मी आपला तिला धीर देतोय. म्हटलं, अगं, रडतेस काय अशी लहान मुलासारखी? पुरुषासारखं घट्ट राहावं—"

आतला नळ बंद झाला.

"खोटं!" लोटलेल्या दारामागून वहिनींचा आवाज आला. "हसत होते मी! रडत तुम्ही होतात, आणि नाक माझ्या रुमालाला पुसलंत!"